लसूणवालीचं ‘नाही’

बायझँटियम
वसंतात पहिली जहाजं सुटली ते दिवस

गोर्गोसकडून मेगारातल्या फिलिन्नाबाईंना. तुमची प्रकृती बरी असो, चुलीत विस्तव असो.

तुम्ही मला ओळखत नाही. मी जहाजावर वल्हेकरी होतो. तुमचा धाकटा भाऊ लाम्पोन आणि मी एकाच बाकावर बसून वल्हं मारायचो. ते जहाज खडकावर फुटलं, ही बातमी तुमच्यापर्यंत तेव्हाच पोचली असेल. मी त्यातून वाचलो. कसा, ते सांगण्यासारखं नाही. मधली वर्षं काळ्या समुद्रापलीकडे दुसऱ्याच्या दावणीला गेली. आता सुटलोय आणि इथे मासे खारवण्याच्या वखारीत काम करतो. कुपा मासा चिरायचा, मीठ भरायचं, रांजण बंद करायचा, पुन्हा चिरायचा. अंगाचा वास जात नाही, म्हणून शेजारी कोणी बसत नाही. एका अर्थी बरंच आहे ते.

पत्राचं कारण एवढंच, की लाम्पोन तुमच्याबद्दल फार बोलायचा. आई लवकर गेली, ताईनंच वाढवलं, ताईचा हात चालायचा तसं तोंडही चालायचं, असं सांगायचा. तुम्ही नवरा गेल्यावर माहेरी परत आलात आणि बाजारात लसूण नि घरी विणलेले झगे विकता, हेही त्यानंच सांगितलं. त्याच्या जिवावर मी किती तरी रात्री काढल्या. म्हणून विचारावंसं वाटलं, त्याचं पुढे सगळं रीतसर झालं का? त्याला पुरायला काही हाती लागलं नसणार. तरी दगड उभा केलात का? आणि तुमच्या मेगारात आता त्याचं नाव कोणी काढतं का?

परक्या माणसानं असं विचारू नये हे कळतं मला. उत्तर नाही आलं तरी राग नाही. मला लिहिता येत नाही, लेखनिकाकडून ही मेणाची पाटी कोरून घेतलीय. तुमचं उत्तर याच पाटीवर लिहा, मेण पुसलं की ती पुन्हा कोरी होते.

गोर्गोस

—

मेगारा
जव कापून झाले, खळी लागली

फिलिन्नाकडून बायझँटियमच्या गोर्गोस यांना. तुम्ही जिवंत आहात हे वाचून बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

तुम्ही विचारलंत ते सांगते. लाम्पोनचं सगळं रीतसर केलं. देह नव्हता, म्हणून त्याचे सणाचे कपडे आणि त्याची फुटकी बासरी पुरली. निसाया बंदराकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर डाव्या हाताला दगड आहे, त्यावर नाव कोरलंय. अक्षरं खोल कोरून घेतली, कोरणारा कंटाळून म्हणाला, “बाई, दगड आरपार करू का?” वर्षाच्या दिवशी मी तिथे दूध-मध ओतते, लोकरीची फीत बांधते आणि वर्षभरात काय काय झालं ते सांगते. कोणाची शेळी मेली, कोणाची सून पळाली. नाव कोण काढतं म्हणाल तर मी काढते. बाकी ज्यांना तो आठवेल, त्यातले बरेच त्याच्याआधी नाही तर त्याच्यामागून गेले.

आता एक गंमत सांगते. आमचं गाव तुम्हाला ठाऊक नसेल. इथे लसूण, मीठ आणि वाद या तीन गोष्टी मुबलक पिकतात. माझ्या पथारीच्या समोरच्या ओसरीत वाद घालणारी तरणी मंडळी बसतात. गुरू असतो बरा माणूस, पण चेले म्हणजे तोंडाळ. त्यांतला देक्सिआस सगळ्यात पुढे. त्यांचं एक कोडं आहे. एखाद्याला डोक्यावरून झगा घेऊन उभं करायचं आणि रस्त्यावरच्या कोणालाही धरून विचारायचं, “तुझ्या बापाला ओळखतोस?” तो म्हणतो, हो. “या झाकलेल्याला ओळखतोस?” तो म्हणतो, नाही. मग ही कार्टी टाळ्या पिटतात, “हा झाकलेला तुझाच बाप आहे! मग बापाला तू ओळखतोस आणि ओळखत नाहीस, दोन्ही एकदमच!” माणूस डोकं खाजवत घरी जातो.

गेल्या शरदात त्यांनी मला धरलं. रोज आपल्यातलाच कोणी झाकायचे, त्या दिवशी बंदरावरून आलेला एक परका, डोकं झाकून, पथारीसमोर उगाच रेंगाळत उभा होता. देक्सिआसनं त्यालाच मध्ये ओढलं. “मावशी, भावाला ओळखतेस तुझ्या?” मी म्हटलं, माझा भाऊ मेलाय. “याला ओळखतेस?” नाही म्हटलं. “आणि समज, हाच तुझा भाऊ असला तर?”

मी हसले हो! पोट धरून हसले. बाजार हसला. तो परका तसाच निघून गेला, आणि मी संध्याकाळपर्यंत मजेत लसूण विकला. दिवस छान गेला.

सोबत एक झगा पाठवते. तुमचं माप माहीत नाही, अंदाजानं विणलाय. मिठानं पायांना भेगा पडतात, तेलात मेण पातळ करून टाचांना लावत जा.

फिलिन्ना

—

बायझँटियम
कुपा माशांचे थवे आले, वखारीत उसंत नाही

गोर्गोसकडून फिलिन्नाबाईंना.

झगा मिळाला. मापाचा आहे. लाम्पोन आणि मी एकाच बांध्याचे होतो.

तुम्ही लिहिलंत ते खरं नाही. तुम्ही हसला नाहीत. तो झाकलेला माणूस इथे माझ्याच वखारीत आहे आणि त्यानं मला सगळं सांगितलंय. झग्याखालून त्याला फक्त जमीन दिसत होती. तुमच्या वहाणा दिसत होत्या, डावीचा पट्टा दोरीनं बांधलेला होता. देक्सिआसनं तोंड उघडायच्या आधीच तुमच्या हातातली लसणाची माळ सुटून खाली पडली, आणि ती उचलायला कोणी वाकलं नाही. हसत होते ते दुसरे. तू नाही हसलीस.

आणि काय म्हणालीस ते पुरतं का नाही लिहिलंस? तू म्हणालीस, “माझा भाऊ मेलाय, आणि या बाबाला मी जन्मात पाहिलेलं नाही.” जन्मात! आवाज जरासुद्धा हलला नाही तुझा. त्या माणसानं निसायाच्या रस्त्यावर आपलंच नाव दगडावर वाचलं होतं. फीत नवी होती. त्याला वाटलं, एवढी नवी फीत बांधणारं माणूस आवाजानं नाही तर अंगाच्या वासानं तरी ओळखेल, एकदा हात धरेल, “कोण रे तू” म्हणेल. तेवढ्यासाठी तो इतका समुद्र ओलांडून आला होता. तू जन्मात पाहिलं नाहीस म्हणालीस आणि तो आल्या वाटेनं परत गेला.

माझं काय जातंय म्हणा. त्याचं ऐकून लिहिलं. लेखनिक मिळाला नाही म्हणून मीच खरडलंय.

गोर्गोस

—

मेगारा
हिवाळ्यासाठी समुद्र बंद व्हायच्या आधीचं शेवटचं जहाज उद्या सुटेल

सापडलास, बगळ्या.

लिहिता येत नाही म्हणणाऱ्या माणसाचं पत्र आलं आणि त्यात प्रत्येक ओळ शेवटाला खाली घसरलेली. वडील तुला शिकवायला बसवायचे, मी दारामागून शिकले आणि मग मीच तुझ्याकडून गिरवून घेतलं. इतक्या वर्षांत अक्षर सुधारलं नाहीस मेल्या! कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?

हो, मी खोटं लिहिलं. मुद्दाम. मी हसले असं लिहिलं तर तुझ्यानं राहवणार नाही, हे मला माहीत होतं. लहानपणीही तुला मारलं तर रडायचा नाहीस, पण मी तुझ्याबद्दल कोणाला चुकीचं सांगितलं की पायऱ्या चढून भांडायला यायचास. इतकी वर्षं त्या ओसरीसमोर बसलेय, एखादा डाव मलाही येतोच की.

आता ऐक. तू मला काय समजलास?

देक्सिआसनं तुला ओढलं तेव्हा मी माळा मोजत होते, वर पाहिलंही नाही. मग तू उभा राहिलास. उभा राहिलास आणि उजव्या पायानं डाव्या पायाची टाच घासायला लागलास. एका पायावर, डुलत. आई तुला बगळा म्हणायची ती त्याचसाठी. माळ माझ्या हातातून तेव्हा पडली. त्यांनी विचारायच्या आधीच मला माहीत होतं, लाम्पोन. तुझ्या तोंडावर सात झगे टाकले असते तरी मला कळलं असतं.

मग ‘नाही’ का म्हटलं? अरे वेड्या, तुझा दगड उभा आहे ना तिथे! ज्याचं क्रियाकर्म झालंय तो माणूस बाजारात उभा आहे असं मी भर गर्दीत बोलले असते, तर काय झालं असतं? मागे एकदा आपल्या गल्लीतला कोरोइबोस तसाच परत आला होता. त्याला कोणी विस्तव दिला नाही, कोणी त्याच्यासोबत जेवलं नाही, देवळाच्या पायरीवर पाऊल ठेवलं तर दगड मारले. तो गेला त्या वाटेवर डुकराचं रक्त शिंपून बाजार शुद्ध केला. स्वतःच्या बायकोनं दार लावून घेतलं. शेवटी निघून गेला कुठेतरी. तुझ्याभोवती ती शंभर माणसं उभी होती आणि मी ‘हो’ म्हणणार होते? मी जितक्या ठणठणीत आवाजात ‘नाही’ म्हणता येईल तितक्या म्हटलं. आवाज हलला असता तर त्या देक्सिआसला कळलं असतं, तोंडाळ असला तरी आंधळा नाही तो.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कोणी लक्षही दिलं नाही. ‘मेगाराचे अश्रू’ म्हणून सगळा देश आपल्याला हसतो, लसणाच्या गावात रडण्याला काय किंमत! लसूणवाली रडली तर लोक म्हणतात, बाई आज माल ताजा आहे.

गर्दी पांगेपर्यंत मी बसून राहिले. मग पथारी तशीच टाकून बंदराकडे धावले. जहाज सुटलं होतं. तेव्हापासून निसायाला लागणाऱ्या प्रत्येक जहाजावरच्या माणसांचे पाय बघत होते मी. लोकांना वाटलं म्हातारीला चळ लागला. वसंतात ‘गोर्गोस’चं पत्र आलं, तेव्हा सगळी रात्र उशाशी घेऊन झोपले. ती पाटी मी पुसली नाही. उत्तरं नव्या पाट्यांवर लिहिली.

एक वाट आहे. डिमीटर देवीच्या देवळातली तिमो आजी, तिच्या आजीच्या वेळचं सांगते. क्रियाकर्म झालेला माणूस परत आला तर त्यानं पुन्हा जन्माला यायचं असतं. बायकांनी त्याला तान्ह्यासारखं न्हाऊ घालायचं, तोंडासकट दुपट्यात गुंडाळायचं, आईनं एकदा छातीशी धरायचं. दहाव्या दिवशी नाव ठेवायचं. मग तो स्वच्छ. मग त्याला कोणी बोट लावू शकत नाही.

आई नाही, तर मी आहे. मी कधी कोणाला पाजलं नाही, माझी कूस देवानं रिकामीच ठेवली, पण तिमो आजी म्हणते चालतं.

समुद्र उघडला की ये. मी वाट बघते. या हिवाळ्यात तुझ्या दगडाशी काय बोलू ते मला कळत नाहीये.

तुझी ताई

—

बायझँटियम
समुद्र उघडून महिना झाला

ताई,

तुझं पत्र हिवाळाभर जवळ होतं. पहिलं जहाज सोडलं, दुसरं सोडलं. आज लिहितोय.

तू मला ओळखलंस हे वाचून मी वखारीच्या मागे जाऊन बसलो. तुझ्यावर संशय घेतला, माफ कर. रागावलो होतो तेव्हा बरं होतं गं. रागात यायचं की नाही हा प्रश्नच नव्हता.

मी येत नाही.

तू पाय ओळखलेस. पाय तेच आहेत. माझ्या कपाळावर मालकानं डागणी दिलीय, भुवयांच्या वर, पळून गेलो होतो तेव्हा. त्या दिवशी मी विटाळ लपवायला डोकं झाकलं नव्हतं, तुला हे दिसू नये म्हणून झाकलं होतं. आणि कपाळाचं सोड. तिकडे जिवंत राहायला मी जे जे केलं, ते तुझ्या लाम्पोननं केलं नसतं. आमच्याबरोबर एक आजारी माणूस होता, त्याची भाकरी मी खाल्ली. तो मागत होता आणि मी त्याच्याकडे बघत खाल्ली. मला आता गाता येत नाही. कोणी मागून आलं की अंग चोरतो. रात्री ओरडतो म्हणून वखारीतले लोक मला लांब झोपवतात.

आता तुमच्या त्या ओसरीतलं कोडं मी तुला घालतो. तू लाम्पोनला ओळखतेस. शेळीला गाणं म्हणून दाखवणारा, अंजिरं चोरून तुझ्याच पदरात आणून टाकणारा पोरगा तो. मला तू ओळखत नाहीस. मग मी तो कसा? विचार त्या देक्सिआसला, बघ काय म्हणतो. ज्याला तू दूध-मध घालतेस तो चांगला होता, त्याला तसाच राहू दे. मी आलो तर तुझ्याजवळ एक परका येईल आणि तुझा भाऊ पुन्हा मरेल.

इथे मला कोणी ओळखत नाही. सगळे गोर्गोस म्हणतात. नाव ऐकलं की मागे वळून बघायची सवयही झालीय. आणि खरं सांगू, हे दाढीवालं बाळ दुपट्यात गुंडाळलेलं मला डोळ्यांसमोर आलं आणि किती वर्षांनी हसू आलं. तेवढं दिलंस, पुष्कळ झालं.

आता लिहू नकोस, ताई. तू लिहिलंस की मी आठवडाभर कामाचा राहत नाही.

ला.

—

मेगारा
द्राक्षं भरत आलीत

लिहू नकोस म्हणे! मी तुझं कधी ऐकलंय?

तुझं कोडं देक्सिआसकडे घेऊन गेले. तुझं नाव नाही घेतलं, एक माणूस म्हणून सांगितलं. मला वाटलं नेहमीसारखी टाळी पिटेल. त्यानं मला शेजारी बसवलं. मग म्हणाला, “मावशी, याचं उत्तर माहीत असतं तर आम्ही रोज तेच का विचारत बसलो असतो?” त्याचा बाप लढाईला गेला तो परत आलाच नाही. देक्सिआस तेव्हा रांगत होता. त्याला बापाचा चेहरा आठवत नाही. मी इतकी वर्षं त्याला शिव्या घातल्या, आणि तो बाजारातल्या प्रत्येकाला विचारत सुटायचा, बापाला ओळखतोस का म्हणून. त्या दिवशी त्याला लसणाची आख्खी माळ दिली फुकट.

तर उत्तर त्याच्याकडे नाही आणि माझ्याकडेही नाही. मी तुझ्याशी भांडणार होते. दगडावर डोकं आपटलं तरी तू माझाच भाऊ, असं लिहिणार होते. दोनदा लिहून पुसलं. कारण तू म्हणतोस त्यात खोटं काय आहे? शेळीला गाणं म्हणणारा पोरगा नाही राहिला. मी ज्याला पुरलं, तो त्या समुद्रातच गेला. मान्य. तू तो नाहीस.

मग मला एवढंच सांग, लाम्पोन गेला, तर त्याला रडणारं कोण कोण आहे?

मी आहे. आणि? आई-वडील नाहीत. तेव्हाचे शेजारी गेले. त्याच्या बरोबरची पोरं त्याच जहाजावर होती. शेळीसुद्धा गेली. परवा मी कोणाला तरी म्हटलं, लाम्पोन शिट्टी फार छान वाजवायचा, तर ती विचारते, कोण लाम्पोन? इतकी वर्षं मी एकटी त्याला रडतेय. एकटीनं रडून रडून ते रडणं खरं की लसणाचं, हे माझं मलाच कळेनासं झालंय. तो खरंच शिट्टी वाजवायचा ना रे? की मीच रचलं? विचारायला कोणी नाही. दगड तर काही बोलत नाही, तू निदान भांडतोस.

त्याला माझ्याइतकं ओळखणारं जगात एकच माणूस उरलंय, आणि ते बायझँटियमला मासे चिरत बसलंय. भाऊ म्हणून नको येऊस. त्याचा दोस्त म्हणून ये. त्या दगडापाशी माझ्याशेजारी बस आणि त्याच्याबद्दल बोल. आपण दोघं मिळून एकदा त्याला नीट रडू. मग पुढचं पुढे बघू.

आजारी माणसाची भाकरी खाल्लीस ते वाचलं. वाचून मी जेवले नाही. पण वाचल्यावर तुझ्यासाठी दार लावून घ्यावंसं वाटलं नाही, हेही लिहून ठेवते.

फिलिन्ना

—

निसाया बंदर
आज सकाळी उतरलो

ताई,

ही पाटी गाढववाल्याबरोबर पाठवतोय, तुझ्याकडे पोचेल. मी इथे खलाशांच्या छपराखाली बसलोय. तू विणलेला झगा डोक्यावरून घेतलाय. दगड इथून दिसतो. फीत नवी आहे.

शिट्टी वाजवायचा तो. दोन बोटं तोंडात घालून. तू रचलेलं नाहीस.

इथपर्यंत आलो पण पुढे पाय उचलत नाही. एक विचारतो, खरं सांग. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर झगा काढला असता, हे कपाळ तुला दाखवलं असतं आणि म्हटलं असतं, ताई, मी आहे, तर तू काय म्हणाली असतीस?

—

मेगारा
लगेच

नाहीच म्हटलं असतं. गर्दीसमोर पुन्हा पुन्हा नाहीच म्हटलं असतं आणि त्या रात्री तुला अंधारातून घरी आणलं असतं. खरं सांग म्हणालास म्हणून सांगते.

गाढववाला दारात उभा आहे, थोडक्यात लिहिते. बाजारात येऊ नकोस. दगडापाशी जाऊन बस. मी निघालेच आहे, बरोबर तिमो आजी आहे, शेजारच्या दोघी आहेत, पाण्याचे हंडे आहेत आणि आईनं तुझ्यासाठी विणलेलं दुपटं आहे. ते तुझ्या गुडघ्यापर्यंतसुद्धा येणार नाही, हसू नकोस. आधी आपण दोघं त्याला रडू. शेजारणींना सांगितलंय, तोवर लांब उभ्या राहा. मग न्हाऊ घालू.

आणि एक नीट ध्यानात ठेव. गुंडाळून झालं की तिमो आजी रीतीप्रमाणे सगळ्यांना विचारेल, “या झाकलेल्याला कोणी ओळखतं का?” तेव्हा दुसऱ्या बायका म्हणतील, नाही, अजून कोणी ओळखत नाही. तसंच म्हणायचं असतं, घाबरून जाऊ नकोस. हलू नकोस, बोलू नकोस, तोंडावरचं फडकं काढू नकोस. कपाळ दाखवू नकोस. काही म्हणजे काही दाखवू नकोस मला.

मी आधी ‘हो’ म्हणेन. मग काढ.